कान भरणारी सून

सासऱ्यांना अख्खी गल्ली ‘भोंगा’ म्हणायची. बस चालवायचे तेव्हा हॉर्नच्या आधी त्यांचा आवाज पोचायचा. निवृत्तीनंतर तोच आवाज टीव्हीसमोर मुक्कामाला आला. सून घरीच कपडे शिवायची, तिचं मशीन खिडकीपाशी, त्यांच्या खुर्चीला लागून. त्यामुळे दोघांची रोज जुंपायची. ते एका पक्षाचे, ती दुसऱ्याची.

"तुमच्या त्या बाईंना बस मागे घेता येणार नाही, देश काय चालवणार!" ते म्हणायचे.

"तुमचे साहेब तर सगळं मागेच घेतात," ती मशीन न थांबवता म्हणायची. नवरा बिचारा ताट सांभाळत दोघांच्या मधून वाट काढायचा.

मग एका आजारपणात सासऱ्यांच्या कानांनी दगा दिला. डॉक्टरांनी यंत्र दिलं. ते त्यांनी एकदाच घातलं, "शिट्टी वाजते" म्हणून डबीत टाकलं, आणि गप्प झाले ते झालेच. टीव्हीवर फुटबॉलमध्ये गोल झाला तरी खुर्चीतून उठेनात. सून मुद्दाम काडी टाकायची, तर नुसते हसायचे. ते हसणं तिला बघवेना. ज्या माणसाला गप्प करायला इतकी वर्षं जिवाचा आटापिटा केला, तो गप्प झाल्यावर घर खायला उठलं होतं.

एका संध्याकाळी फुटबॉलची मॅच लागली. तिनं शिवण बाजूला सारलं, स्टूल ओढलं आणि त्यांच्या कानाशी ओरडायला लागली. खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

"तो टकल्या पडला, बाबा! कुणी पाडलं नाही, आपणच पडला! आता नाटकं करतोय!"

सासऱ्यांचे खांदे हलायला लागले. "पेनल्टी दिली का?"

"काहीतरी दिलंय, पण आपल्याला नाही!"

खिडकीतून शेजारीण म्हणाली, "काय गं, सासऱ्यांचे कान भरतेस?"

"भरते की! रिकामेच पडलेत."

पुढे बातम्याही आल्या. आपल्या बाईंचं भाषण तिनं टाळ्यांसकट ऐकवलं. साहेबांची पाळी आली तेव्हा म्हणाली, "काही विशेष नाही. आमचं चुकलं म्हणाले, माफी मागितली."

"माफी? आमच्या साहेबांनी? खोटारडी कुठली!" भोंगा असा वाजला की नवरा स्वयंपाकघरातून धावत आला.

"काय झालं?"

"भांडतायत रे!" ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

गाण्याच्या स्पर्धेपाशी मात्र ती अडली. गाणं ओरडून कसं सांगणार? तिनं त्यांचा हात मांडीवर घेतला आणि तळव्यावर बोटांनी ठेका धरला. सूर चढला की बोटं मनगटाकडे जायची, उतरला की खाली यायची. सासऱ्यांनी डोळे मिटले.

"पोरगी छान गाते," ते हळूच म्हणाले.

पोरीचा श्वास दोनदा तुटला होता. सुनेनं ते सांगितलं नाही.

निवडणूक जवळ आली तशी त्यांनी आपणहून डबी काढली. "बसव हे. तुझ्या भरवशावर मत दिलं, तर घोटाळा व्हायचा." यंत्राची शिट्टी बंद करायला दवाखान्यात खेटे घालावे लागले, पण शेवटी जमलं. तरी बातम्या लागल्या की ते स्टुलावर थाप मारायचे.

"आता ऐकू येतं ना, बाबा?"

"येतं गं. पण त्या टीव्हीवाल्याला तुझ्यासारखं नीट सांगता येत नाही."