सिमवर ठेवलेलं वरण

“ठाऊक आहे का, हा शब्द आला कुठून?” चष्मा कपाळावर सारून मास्तर असं विचारायचा, आणि समोरच्यानं हो म्हटलं तरी सांगायचाच. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नसेल तर सुखी आहात.

चांदूर बाजारला तो आमच्या शेजारी राहायचा. इंग्रजी शिकवून रिटायर झालेला, बायको ना लेकरू. जेवण खानावळीचं, डोकं पुस्तकाचं. मी चौथीतून सुटलेला, जन्मभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचललेल्या.

आमच्याकडे गॅस आला त्या दिवशी चहाच्या वासानं हा हजर. बटनावर बोट ठेवून म्हणाला, “वहिनी, इथं सिम लिहिलं आहे. म्हणजे सिमर. मंद आचेवर, खळखळ उकळी फुटू न देता शिजवणं. ठाऊक आहे का, हा शब्द आला कुठून?”

“सांगा नं गुरुजी,” माझी बायको म्हणाली. तिला असल्या गोष्टींचं भारी कौतुक.

“भांड्याच्या आवाजावरून! उकळी यायच्या आधी पाणी बारीक कुरकुरतं ना, तो आवाज. पूर्वी इंग्रज सिंपर म्हणत, त्याचं पुढे सिमर झालं.”

“म्हंजे आपलं वरण रटरट करते, तसंच! कान देऊन ऐका कधी, गुरुजी.”

मी म्हटलं, “मास्तर, चहा प्या अन् जा. भांडं गप आहे, तुमीच कुरकुर करून राहिले.”

मग ती गेली. साध्या तापानं. कापसाची वाईट वर्षं होती ती, शेतकरी जीव देत होते. माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही, म्हणून कडू घास घेऊन निघालेल्या बायका तेव्हा गल्लोगल्ली दिसत. माझ्याकडेही पिठलं-भाकर आली. अकोल्याहून पोरगी आली होती, रडत होती, “बाबा, एक घास तरी घ्या नं.” मी भाकरीला हात लावला नाही.

दिवेलागणीला मास्तर दारात. हातात पातेलं, बोटाला चटका. कडू घास बाया आणतात. बाप्यानं स्वतः रांधून आणलेला मी कधी पाहिला नव्हता.

“काय आहे?”

“वरण. सिमवर ठेवलं होतं.”

वरून डाळ कच्ची, बुडाशी करपलेली.

“मास्तर, शब्द कुठून आला ते समजते तुमाले, अन् डाळ शिजली का नाही ते समजत नाही?”

“आवाज ऐकत बसलो होतो,” तो म्हणाला. “वहिनी म्हणाल्या होत्या ना.” आणि चष्मा पुसत राहिला.

रागानं म्हणा, पण मी ते वरण ओरपलं. पोरगी पदर तोंडाला लावून बघत होती.

पुढं मास्तरही गेला. अमरावतीचा भाचा आला, सगळं उरकून निघून गेला. मी डाळ चढवली, सिमवर. पातेलं घेऊन गेलो तर दाराला कुलूप. एवढे शब्द जमवले शहाण्यानं, अन् कडू घास खायले घरात एक माणूस नाही ठेवला.

त्याच्या ओट्यावर बसून मीच खाल्लं. डाळ कच्चीच होती.