मुठीच्या आतला क्रॉस

माझ्या मामांना खोटं ठरवलं गेलं. गेल्या दसऱ्यानंतरच्या सोमवारी, सकाळी साडेअकराला, तालुक्याच्या कचेरीत, परवान्याच्या खिडकीसमोर. मी शेजारी उभी होते, म्हणून वेळ नक्की सांगते.

मामांकडे एक स्विस लष्करी पिस्तूल आहे. त्यांच्या आजोबांनी बोटीवरच्या नोकरीतून आणलेलं, चाप कधीचाच अडकलेला. वर्षातून एकदा, दसऱ्याला, ते कोयत्याशेजारी पाटावर बसतं आणि झेंडूचं फूल घेतं, एवढंच त्याचं शौर्य. परवाना मात्र मामा नेमाने नवा करतात. त्या दिवशी खिडकीतल्या नव्या साहेबांनी कागद वाचला आणि मामांच्या हातातल्या पिस्तुलाकडे खुर्चीतूनच मान लांब केली.

"स्विस म्हणता, मग लष्कराचे शिक्के कुठायत? हे गावठी दिसतंय. कुठनं आणलंत, आजोबा?"

रांग हसली. आठ दिवसांत सिद्ध करा, नाहीतर जप्त.

घरी येऊन मामा जेवले नाहीत. पिस्तूल गेलं तर जाऊ दे, पण सत्तरीत चोर ठरायचं?

मी मोबाइलवर जुन्या स्विस पिस्तुलांचे फोटो शोधत बसले. तिकडे म्हणे लष्कराचा तपासनीस एकेक सुटा भाग हातात घेऊन बघायचा आणि पसंत पडला की बारीक क्रॉस ठोकायचा, खाली आपलं अक्षर. आमच्या पिस्तुलावर भिंग फिरवलं. चकचकीत, गुळगुळीत, कोरं.

मामी दारातच बसली. दर दसऱ्याला चिंच आणि राख लावून तीच ते घासते, समईसारखं.

"मियाच घासून घालवलंय गो सगळा. चाळीस वर्सां."

"तू घासलंस म्हणान गंजूक नाय," मामा म्हणाले. "रडतंस कित्याक?"

तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "पण मुठीच्या आत माझी चिंच खंय पोचतली?"

शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर तिनेच आणून दिला. मुठीवरची लाकडी पट्टी निघाली. आत काळपट लोखंड, आणि त्यावर नाचणीच्या दाण्याएवढा क्रॉस, खाली एक अक्षर. मामांनी चष्मा लावला. बराच वेळ अंगठा तिथेच ठेवला.

"कोणी तरी बघल्यान आसा," ते हळूच म्हणाले. मग मामीला म्हणाले, "वाड गे, भूक लागली."

कचेरीत साहेबांनी क्रॉस पाहिला, सही केली आणि "पुढचा!" म्हणाले. माफी नाही. मामांना ती नकोच होती. मला हवी होती, अजून हवी आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. घरात असं जुनं हत्यार असेल तर यंदा कोरड्या फडक्यानेच पुसा. आणि तुम्ही खिडकीच्या आत बसत असाल, तर समोरच्याला खोटं ठरवण्याआधी खुर्चीतून उठा, आणि त्याने आणलेली वस्तू हातात घेऊन बघा.