ब्रेकबाईंच्या टबातले पाहुणे

गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत, कारण शिकणाऱ्याने किल्ली फिरवायच्या आधीच त्या "ब्रेक!" म्हणून ओरडत. सरावाच्या मैदानात मधोमध एक खळगा होता. पावसात तो भरे, बेडूक त्यात अंडी घालून जात, आणि बाईंचे शिकाऊ त्याला वळसा घालून रिव्हर्स शिकत.

पूर्वी ते डबकं पिल्लांना पाय फुटून ती उड्या मारत जाईपर्यंत टिके. हल्ली चार सरी येत आणि मग असं ऊन तापे, की पाणी बघता बघता आटे. गेल्या वर्षी सगळी पिल्लं चिखलात वाळून गेली, तेव्हा बाईंच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

यंदा पाणी पुन्हा तळाला गेलं, तशी बाईंनी गाडी शिकायला आलेल्या दंतवैद्याला खाली उतरवून हातात चहाचं गाळणं दिलं. "डॉक्टर, आजचा धडा हाच."

पिल्लं डबक्याच्या पाण्यासकट घरच्या टबात आली.

"अगं, मी अंघोळ कुठे करू?" नवरा ओरडला. तो शिंपी होता, घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान होतं.

"अहो, बाहेर नळ आहे की! ती बिचारी कुठे जातील?"

सासूबाई मात्र खुर्ची घेऊन टबाशीच बसल्या. "टीव्हीपेक्षा बरी आहेत. मध्ये जाहिराती नाहीत."

काही पिल्लं लगेचच बेडूक होऊन बाहेर पडली, शर्टाच्या बटणाएवढी. कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी नणंद म्हणाली, "वहिनी, डबक्यातलं पाणी तापलं, आटायला लागलं, की यांना घाई सुटते. वाढ पुरी व्हायच्या आत पाय फुटतात, मग बेडूक असे बारके राहतात."

"म्हणजे माझे शिकाऊच! पहिला गिअर पडत नाही, तोच हायवेवर जायचंय."

तेवढ्यात दुकानातून किंकाळी आली. "अगं, बटण पळालं!"

शिंप्याच्या सुईखालून एक बेडूक उडाला, तो थेट माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या कॉलरमध्ये. गिऱ्हाईक असं नाचलं, की माप तीनदा घ्यावं लागलं.

टबात मागे राहिलेली पिल्लं सावलीत निवांत वाढली. नवऱ्याने त्यांना टेप लावून पाहिली आणि गुपचूप खूश झाला. "ही चांगली अंगाने भरलीत हं. कापड जास्त लागेल."

शेवटी सगळ्यांना बादलीतून ओढ्याकाठी नेलं. एकेक बेडूक गवतात उडी घेऊ लागला, तशा सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "नीट जा रे! आणि पोचलात की कळवा."