फरशीवरची पाटी

त्या पावसाळ्यात आमच्या इंजिनिअर रेजिमेंटचा फ्लड रिलीफ कॉलम, म्हणजे पूरमदतीची तुकडी, दौंड तालुक्यात उतरला. मी कॉलममधला हवालदार. माझं घर तळेगाव ढमढेऱ्याजवळ. सतरा वर्षांच्या नोकरीत घराच्या इतकं जवळ पोस्टिंग मिळालं नव्हतं, आणि मिळालं ते पूर आला म्हणून. आता शाळांमधून मला भाषणाला बोलावतात. त्यांना बर्फ आणि गोळीबार हवा असतो. मी पाटीचं सांगायला लागलो की मुख्याध्यापक घड्याळाकडे बघतात.

१३१० वाजता आम्ही नदीवरच्या फरशीवर, म्हणजे ठेंगण्या पुलावर पोचलो. पूर ओसरला होता. फरशीवरून घोट्याएवढंच पाणी वाहत होतं. मधला एक स्लॅब वाहून गेला होता, पण गढूळ पाण्याखाली ते दिसत नव्हतं. नाईक संपतनं काठीनं चाचपलं, तर काठी एकदम खाली गेली. संपत दौंडकडचाच.

"दादा, इथली माणसं घोट्याएवढ्या पाण्याला पाणी म्हणत न्हाईत," तो म्हणाला. "कुरकुंभच्या कारखान्यांची पहिली शिफ्ट तीनला सुटती. साडेतीनला सगळ्या मोटारसायकली इथं."

मी वायरलेसवर कॅप्टनसाहेबांना कळवलं.

"रोड ब्लॉक बाय फिफ्टीन हंड्रेड. ओव्हर."

"सर, पिकेटचे खांब आणि टेप दुसऱ्या ट्रकमध्ये आहेत. ट्रक चिखलात फसलाय. ओव्हर."

"इम्प्रोवाइज. आउट."

पलीकडचा काठ पोलिसांनी अडवला होता. अलीकडे आम्ही तिघं: मी, संपत आणि एक जवान. रस्त्यावर नुसत्या काट्या टाकून भागलं नसतं. आमच्या भागात शेताच्या वाटेवर बाभळीच्या काट्या पडलेल्याच असतात. माणूस त्या पायानं सारतो आणि पुढं जातो. म्हणून पाटी करायचं ठरलं. बेचकं असलेले बाभळीचे दोन बुंधे तोडले. डांबरात खड्डा घेता येईना, म्हणून ते रस्त्याच्या दोन्ही कडांना पुरले. बेचक्यांवर, लांबून दिसावा म्हणून डोक्याच्याही वर, आडवा वासा टाकला. बारीक फांद्या सोलून पांढऱ्या केल्या आणि तारेनं वाशाला बांधून अक्षरं केली: पूल तुटला. उकारांसाठी वाकड्या फांद्या शोधण्यात दहा मिनिटं गेली.

१४३५ ला कॅप्टनसाहेब जीपमधून आले. त्यांनी लांब उभं राहून पाहिलं. "दूर से दिखेगा नहीं. हरे पत्ते बाँधो. व्हिजिबिलिटी." जीप पुढच्या गावाला गेली.

आम्ही कडुलिंबाचे डहाळे आणले. संपत हसला. "दादा, दोन मेढी, वर आडवं, त्यावर हिरवा पाला. आपल्याकडं ह्याला लग्नाचा मांडव म्हणत्यात. सायबाला कळवू का?"

"ऑर्डर आहे. बांध."

साहेब इकडचे नव्हते. मी होतो.

१५०५ ला मला फसलेला ट्रक काढायला बोलावलं. अर्धा किलोमीटर अंतर. संपत आणि तो जवान पाटीपाशी राहिले.

१५२५ ला वायरलेस वाजला. "दादा, लोक विचारत्यात लगीन कुणाचं. पाच गाड्या थांबवल्यात. ओव्हर."

"पाला काढ. आत्ता काढ. ओव्हर."

"हात रिकामा न्हाई दादा. मागनं अजून यायल्यात. ओव्हर."

मी पळत सुटलो. वळणावरून दिसलं तेव्हा दहा-बारा गाड्या पाटीपुढं अडल्या होत्या.

"काल ह्याच्यापेक्षा जास्त पाण्यातनं गेलो की!" एक जण ओरडत होता.

"काल पूल व्हता!" संपत त्याच्यावर ओरडला.

तेवढ्यात मागून रेनकोटातला एक जण आला. टोपी डोळ्यांवर. गर्दीला वळसा घालून, वेग कमी न करता, तो पाल्याखालून फरशीवर गेला. संपत त्याच्या मागं धावला. गाडीचं पुढचं चाक खाली गेलं, तेव्हा रेनकोट संपतच्या हातात होता. त्यानं माणसाला मागं ओढून फरशीवर टाकलं. त्या झटक्यात तो स्वतः पुढं गेला. पुढं फरशी नव्हती.

मी तुटक्या कडेपर्यंत पळत गेलो आणि दोर टाकला. तो दोराजवळ वर आला नाही. कुठंच आला नाही.

१५३३. "वन मॅन इन वॉटर. अवर मॅन. ओव्हर."

मग मी वासा खाली उतरवला, पाला हातानं ओरबाडला आणि वासा अक्षरांसकट छातीच्या उंचीवर रस्त्याला आडवा बांधला. त्यानंतर एकही गाडी पुढं गेली नाही. हे काम दोन मिनिटांचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट पार्टीला तो सापडला. चौकशीत विचारलं, पाटी जागेवर होती का. मी म्हणालो, "यस सर." तेवढंच विचारलं.

त्याच्या गावात आता संगमरवरी कमान आहे. वर तीन पुढाऱ्यांचे फोटो आहेत. संपतचं नाव खाली आहे. गवत वाढलं की झाकतं. दरवर्षी त्या तारखेला मी जातो, गवत उपटतो आणि त्याच्या वडिलांकडे बसतो. आबा दरवर्षी एकच विचारतात.

"पवणारा गडी व्हता माझा. पाणी किती व्हतं?"

"घोट्याएवढं, आबा."

पाल्याचं मी कधी बोललो नव्हतो. यंदा सगळं सांगितलं: पाल्यानं पाटीचा मांडव झाला, आणि त्याच्याखालून ती गाडी गेली.

आबांनी विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"व्हय आबा. संपतलाबी ठावं व्हतं. त्यानं मला सांगितलं व्हतं."

"शाणा व्हता," आबा म्हणाले.

मी संध्याकाळपर्यंत तिथं बसलो. आबा आत गेले ते बाहेर आले नाहीत.