विहिरीवरचा आळ

विनयचा, माझ्या चुलतभावाचा, फोन आला तेव्हा मी एव्हरशाईन सिटीतल्या घरी भाजी निवडत होते. "ताई, काशीआत्या गेली." माझ्या तोंडून आधी निघालं, "पोटाचं?" "नाही गं, हृदय. सकाळी वाडीत पाणी सोडलं, बांधावर बसली, ती बसलीच..." मी रडायला लागले आणि रडता रडता मला हायसं वाटलं. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल. पण वटार गावातल्या आमच्या घरात आजोबा, माझे बाबा आणि काका, तिघेही पन्नाशीच्या आत आतड्याच्या कॅन्सरने गेले होते. आत्या साठी ओलांडून गेली, तीही धडधाकट.

आत्याने लग्न केलं नाही. भावांच्या मागे केळी, पानवेली सगळं तिनेच राखलं, तेही दिवसभर कुणाची ना कुणाची थट्टा करत. काका गेले तेव्हा घरातल्या मोठ्यांनी दोष विहिरीवर टाकला. पाण्यातच काहीतरी आहे म्हणे! झाडांना ते पाणी चाले, पण माणसांना एक थेंबही नाही. पुढे कित्येक वर्षं प्यायचं पाणी शेजारच्या वाडीतून कळशीने यायचं.

नव्वदच्या दशकात आत्याचंही तेच दुखणं निघालं. मुंबईत ऑपरेशन झालं. डॉक्टरबाईंनी घरात कोणाकोणाला हे झालं ते विचारलं, आणि मग सहज म्हणाल्या, "सुनांपैकी कोणाला?" आत्याने बोटांवर मोजलं. माझी आई, काकू, आजी... सगळ्यांनी वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलेलं आणि सगळ्या ठणठणीत. घरी आल्यावर ती रिक्षातून उतरली, ओल्या टाक्यांनिशी माझ्या खांद्यावर हात टेकून थेट विहिरीवर गेली. "बिचारीवर उगाच आळ घेतला आपण," म्हणाली आणि काकू ओरडत असताना तांब्याभर पाणी प्यायली.

काही वर्षांनी तिची जनुकांची तपासणी झाली. नवी पेशी होताना जनुकांची नक्कल होते, नकलेत चुका राहतात आणि त्या दुरुस्त करणारी जनुकंही शरीरात असतात. आमच्या घरात त्यातलंच एक बिघडलेलं होतं, आणि ते मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी. हे मला आत्याने सांगितलं ते असं : "पाण्याचा पाट फुटायचाच गो. फावडं घेऊन मागे फिरणारा गडी हवा. आपल्याकडचा जन्माचा झोपाळू. मग आपणच फिरायचं."

मी तपासून घ्यायला तयार नव्हते. दोन लहान मुली पदरात, उद्या काय व्हायचं ते कळून करू काय? आत्या माझ्यावर कधी चिडायची नाही, त्या दिवशी चिडली. "तुझ्या बापाला वेळेवर कळलं असतं तर आज या पोरी त्याच्या खांद्यावर असत्या!" मी गेले. विनय सुटला, माझ्यात मात्र ते निघालं. तेव्हापासून दरवर्षी दुर्बिणीने आतडं तपासायचं. आत्या बाहेर बाकावर बसायची आणि ते झालं की मला वटारला नेऊन विहिरीचं पाणी पाजायची. एका वर्षी आत छोटीशी गाठ सापडली, तिथल्या तिथे काढली. राहिली असती तर तिचाच पुढे कॅन्सर झाला असता. आत्याला काय आनंद! "फुटला तिथेच लावली माती! चल, पाणी पी."

परवा तिच्याशिवाय पहिली तपासणी झाली. सगळं स्वच्छ निघालं. बाबा गेले ते वय मी ओलांडलं आहे. बाकावर या वेळी माझी थोरली बसली होती. तिच्या तपासणीचा विषय काढला की एरवी ती उठून जायची. आम्ही वटारला गेलो. विनयने पाणी सोडलं होतं आणि पाट एका जागी फुटून वाटेवर चिखल झाला होता. विहिरीला टेकून आत्याचं फावडं तसंच उभं होतं. मी काही बोलायच्या आत थोरलीने ते उचललं, दोन फावडी माती ओढून पायाने दाबली. पाणी केळीकडे वळलं.

हात धुता धुता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आई, तपासणीला माझं नाव कधी नोंदवायचं?"

मी तांब्या भरून तिच्या हातात दिला.