जोडीदाराचं पाणी

खंदारेबाईंच्या खांद्याला उन्हाळाभर एक काचेची बाटली लटकलेली असायची. बाहेरून गोणपाट शिवलेलं आणि ते गोणपाट कायम ओलं. त्या बाटलीतलं पाणी बाईंनी वाटेत प्यालेलं मी कधी पाहिलं नाही. भर मे महिन्यात ओठ सुकून पांढरे पडलेले असताना बाई चालायच्या, झाडं दाखवायच्या, पाखरांचे आवाज ओळखायला लावायच्या. परत निघताना ते सगळं पाणी एखाद्या झाडाच्या बुडाशी ओतून द्यायच्या. मग परभणीला आल्यावर स्टँडसमोरच्या रसवंतीत बसून ग्लासावर ग्लास पाणी प्यायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं काहीतरी व्रत असणार. पण बाई आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, भेटल्यावर खणखणीत ‘जय भीम’ घालणाऱ्या. उपासतापासाचं नाव काढलं की हसायच्या.

माझं मेडिकलचं दुकान आहे. बाई तिथेच भेटल्या. साखर-मिठाच्या पाकिटांचा अख्खा खोका त्यांनी मागितला तेव्हा मी विचारलं, एवढी कशाला?

“माणसं न्यायची हायेत उन्हात.”

“परभणीच्या उन्हात? मुद्दाम?”

“मग काय शिमल्याच्या? तू बी ये. पोट बघ तुझं, काउंटरमागं मावंना झालंय.”

मला नुकतीच शुगर निघाली होती आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. त्यामुळे बोलणं वर्मी लागलं. पुढच्या रविवारी मी उजाडायच्या आत स्टँडवर हजर. तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. मी ‘मेडिकल’ झालो तो झालोच.

निसर्गप्रेमी मंडळी सगळीकडे असतात, पण ती पावसाळ्यात उगवतात. हिरवं दिसलं की फोटो काढायला धावतात. आमची टोळी मात्र शिमगा झाला की निघायची आणि पाऊस आला की बंद व्हायची. कधी जिंतूरच्या डोंगराकडे बहावा बघायला, कधी येलदरीच्या बाजूला पाण्यावरची पाखरं बघायला, कधी नुसतंच एखाद्या ओढ्याच्या कोरड्या पात्रातून. मी एकदा वैतागून विचारलं, बाई, हा काय हंगाम आहे का फिरायचा? बाई म्हणाल्या, “पावसाळ्यात सगळंच हिरवं रे. उन्हाळ्यात कोण जितं हाय ते दिसतंय.” हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. त्या वेळी ते मला झाडांबद्दल वाटलं.

टोळीचे नियम होते आणि ते बाईंनी शाळेतल्यासारखे लावलेले होते. प्रत्येकाला एक जोडीदार. आणि आपलं पाणी आपल्याकडे ठेवायचं नाही, ते जोडीदाराच्या खांद्यावर. त्याचं आपल्या खांद्यावर. तहान लागली की जोडीदाराला गाठायचं. म्हणजे कुणी रुसून, दमून किंवा पाखरामागे लागून एकटं पडूच शकत नव्हतं. “झाड न्हाई दिसलं तरी चालतंय, आपलं माणूस दिसलं पायजे,” असं म्हणत बाई दर थोड्या वेळाने मागून ओरडायच्या, “आपलं माणूस दिसायलंय का?” आम्ही शाळकरी पोरांसारखे हात वर करायचो.

आणखी एक नियम होता. ‘तुम्ही व्हा पुढं, मी येतो’ हे वाक्य टोळीत बोलायचं नाही. कुणी चुकून बोललंच तर सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं. एकदा पोस्टातले कदम, माझे जोडीदार, काटा काढायला खाली बसले आणि सवयीने म्हणून गेले. बाईंनी अख्खी टोळी उन्हात उभी केली, कदमांचा काटा निघेपर्यंत. कदम बिचारे शरमेने अर्धे झाले. आम्ही हसत होतो. बाई हसत नव्हत्या.

बाईंना स्वतःला जोडीदार नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “माझी जोडी हाय.” आणि सगळ्यांच्या मागे, एकट्या, वाटेची सावलीची बाजू मोकळी सोडून चालायच्या. त्यांच्या नियमाने बघितलं तर ती गोणपाटातली बाटली त्यांची नव्हतीच, दुसऱ्या कुणाची तरी होती. आणि त्यांचं स्वतःचं पाणी कुणाच्याच खांद्यावर नव्हतं. म्हणून त्या पीत नव्हत्या. एवढी साधी गोष्ट लक्षात यायला मला दोन उन्हाळे लागले.

ते उलगडलं वालूरला. तिथली जुनी दगडी बारव बघायची, आत गार पायऱ्यांवर बसून धपाटे खायचे आणि परत यायचं, असा बेत होता. गावाबाहेर जीप सोडून आम्ही शिवारातून चालत निघालो. आमच्यात मुळे वकील आणि त्यांच्या मंडळी अशी एक जोडी होती. त्या दिवशी मुलीच्या स्थळावरून दोघांचं बिनसलेलं. वहिनी तणतणत पुढे निघून गेल्या, वकील मुद्दाम मागे रेंगाळले. नियम मोडला होता, पण नवरा-बायकोच्या भांडणात कोण पडणार? बाईंनी दोनदा हाक मारली, “वकीलसाहेब, तुमचं माणूस लय पुढं गेलंय.” वकील म्हणाले, “जाऊ द्या, तेवढीच शांतता.”

बारव दिसायला लागली आणि वकील एका बाभळीखाली मटकन बसले. तोंड लाल, घाम थांबलेला, जीभ जड. मी धावलो. त्यांच्या खांद्याला पाण्याची बाटली भरलेली होती. मी म्हणालो, अहो, प्या की! तर हा माणूस डोळे फिरत असताना म्हणतो, “ते तिचं हाय. तिचं पाणी मी पिणार न्हाई.” नियम म्हणून की राग म्हणून, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. भरल्या बाटलीखाली माणूस मरू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

तेवढ्यात बाई मागून आल्या. वकिलांच्या खांद्यावरची बाटली त्यांना दिसलीच नाही. बाभळीखाली टेकलेलं डोकं तेवढं त्यांना दिसलं असावं. आपल्या बाटलीचं बूच त्यांनी दातांनी उपटलं, वकिलांचं डोकं मांडीवर घेतलं, डोक्यावर पाणी ओतलं, घोट घोट पाजलं. आणि म्हणाल्या, “पी. पी गं विमल. आले मी, पी.”

साठीतल्या, मिशीवाल्या वकिलाला त्या विमल म्हणत होत्या. वकील शुद्धीवर आले, वहिनी रडत आल्या, नवऱ्याला शिव्या घालून झाल्या. सगळे बारवेत उतरले. बाई मात्र वरच्याच पायरीवर बसून राहिल्या, रिकामी बाटली मांडीवर घेऊन. मी शेजारी बसलो. त्याच बोलल्या.

“आमी पिंगळीच्या. गावात लगीन होतं, पत्रावळीला पानं पायजे होती. मी आन् माझी धाकटी, पळसाची पानं तोडायला गेलो. असंच ऊन. ही बाटली माझ्या गळ्यात. विमल दमली. म्हणली, अक्का, तू हो पुढं, मी येते. मी झाले पुढं. पानं तोडली, वझं बांधलं, पाणी पिले. माघारी आले तर ती त्याच पळसाखाली, पानांवर डोकं ठिवून. मला वाटलं झोपली.”

खालून वहिनींचा आवाज घुमत वर येत होता. बाई त्या आवाजाकडे बघत असल्यासारख्या बसल्या.

“पाणी माझ्याकडं होतं, मेडिकल.”

लोक म्हणायचे, बाईंना निसर्गाचं भारी वेड. वेड होतंच, हळद्या पक्षी दिसला तर त्या वाटेत टाळ्या वाजवायच्या. पण त्या दर उन्हाळ्यात माणसं गोळा करून उन्हात का नेत होत्या आणि एकेकाला मोजून परत का आणत होत्या, ते मला त्या पायरीवर कळलं. एक जण परत आणायची राहिली होती.

पुढच्या उन्हाळ्यात कदमांची बदली झाली आणि मी एकटा उरलो. मी बाईंना म्हणालो, आता तुम्हीच माझी जोडी. त्या म्हणाल्या, “माझी हाय.” मी म्हणालो, “तुमची असंल हो. माझी न्हाई ना.” त्यांनी माझं पाणी घेतलं, म्हणजे त्यांच्या खांद्याला दोन बाटल्या झाल्या. मी त्यांच्यासाठी एक घेतली. माझं मी हक्काने मागून प्यायचो. त्यांनी त्यांचं एकदाही मागितलं नाही. मी पुढे केली की म्हणायच्या, “राहू दे. आदी तिचं.” दर रविवारी मी ती बाटली भरलेली घरी आणायचो. बायको म्हणायची, पाणी फिरवायला नेता का? मला चीड यायची, आणि भीतीही वाटायची. बाईंचं वय झालं होतं. एखाद्या रविवारी ही बाई माझ्या डोळ्यांदेखत तहानेने पडेल आणि तिचं पाणी माझ्या खांद्यावर असेल, हे माझ्या मनातून जात नव्हतं.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात बाईंनी अचानक सांगितलं, या रविवारी पिंगळी. इतक्या वर्षांत त्यांनी पिंगळीचं नाव काढलं नव्हतं. परभणीहून पॅसेंजरने पोचायला वेळ लागत नाही, तरी नाही. आम्ही स्टेशनात उतरलो, रुळांच्या कडेने शिवारात शिरलो. पळसाचं रान कधीच तुटलं होतं. एका बांधावर तेवढे थोडे उरलेले, नव्या पानांनी भरलेले. बाई त्यातल्या एकाजवळ थांबल्या.

“हाच का?” मी विचारलं.

“कुणाला ठाऊक. पळस पळसासारखाच असतोय.”

त्या खाली बसल्या. गोणपाटातली बाटली उघडली आणि सगळं पाणी बुडाशी ओतलं, सावकाश, जमीन पिईल तसं. “पी बाई,” म्हणाल्या, “लय उशीर झाला.” टोळी लांब, उन्हातच उभी होती. पाणी मुरेपर्यंत बाई हलल्या नाहीत. मग हात मागे करून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मेडिकल, माझं पाणी आण.”

बाटली उन्हाने चहासारखी तापलेली. बाईंनी ती एका दमात संपवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “लय गार हाय रे.” मी तोंड फिरवलं. मला रडू आलं होतं आणि ते वकिलांना दिसू द्यायचं नव्हतं.

परतताना स्टेशनात त्यांनी ती काचेची बाटली माझ्या गळ्यात अडकवली. “तुझ्याकडं राहू दे. मला आता वझं होतंय.”

थंडीत बाई गेल्या, झोपेतच. शेजारणीने सकाळी दार वाजवलं तेव्हा उशाशी पाण्याचा तांब्या अर्धा प्यालेला होता, असं तिने मला सांगितलं. सगळ्या बातमीत मी तेवढंच धरून बसलो.

या उन्हाळ्यातही टोळी निघाली. मुळे वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही आमच्यातच या, तिघांची जोडी करू. माझं पाणी त्यांनी घेतलं. आणि मी सकाळी कुणाला न विचारता ती गोणपाटाची बाटली भरून गळ्यात घातली होती. का, ते मला विचारू नका. जिंतूरच्या डोंगराकडे चाललो होतो. बाई नसल्यामुळे सगळ्यांच्या मागे मी होतो. ऊन चढलं, तांबट पक्षी ठोके घालायला लागला, आणि मागून स्पष्ट आवाज आला, आपलं माणूस दिसायलंय का? मी वळलो. मागे नुसता रस्ता, त्यावर हलणारी उन्हाची झळ. वाटेची सावलीची बाजू मी मोकळी सोडून चालत होतो, हेही तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. माझा पाय उचलेना.

पुढून वकिलांनी विचारलं, “काय झालं?”

“काही नाही,” मी म्हणालो. “तुम्ही व्हा पुढं, मी येतो.”

शब्द तोंडातून सुटले आणि मलाच ते ऐकू आले. टोळी जागच्या जागी थांबली. कुणी सावलीलाही गेलं नाही. मुळे वहिनी माझं पाणी हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. भर उन्हात, घामाने निथळत, सगळे माझ्याकडे बघत उभे होते, मी येईपर्यंत.