एका पाडव्याचा वाटेकरी

चिपळूणहून निघताना बायको म्हणाली, "शेतकऱ्याच्या घरी चाललाय, नीट समजून घेऊन या. उगाच शहाणपण शिकवू नका." शिकवायची वेळच आली नाही. जामखेडला उतरलो तेव्हा मला शेतीतलं जे काही कळत होतं, परतताना तेवढंही शिल्लक राहिलं नव्हतं.

दत्ता हा माझा हॉस्टेलमधला जुना मित्र. जामखेडपासून थोडं आत त्याचं गाव. पाडव्याला ये म्हणून तो कितीतरी वर्षं मागे लागला होता. नगर सोडल्यावर एसटीच्या खिडकीतून दिसणारं हिरवं हळूहळू संपलं. बोडक्या टेकड्या, कापलेल्या ज्वारीची धसकटं आणि नजर पोचेल तिथवर जमीनच जमीन. आम्हा कोकणातल्या माणसांना एवढ्या सपाटीची सवय नाही. मला थोडं उघड्यावर पडल्यासारखं झालं.

संध्याकाळी दत्ता शिवारात फिरायला घेऊन गेला. घरामागच्या विहिरीजवळचं वावर (शेत) बघून मी विचारलं, "हे तुझं ना?"

"न्हाई. चुलत्याचं हाय. पन मी करतो, निम्म्या वाट्यानं."

"मग तुझं कुठं आहे?"

"तळ्याखाली. ते हिराबाई करती."

"आणि हिराबाईचं?"

"तिचं माळावर. तिचा दीर करतो."

"अरे, मग ज्यानं त्यानं आपापलं का करत नाही?"

दत्ताला माझी कीव आली असावी. "तळ्याकडचं मला लांब पडतं, हीर हितं हाय. हिराबाई ऊसतोडीला जाती, माळावरच्या पिकाला राखन कोन करनार? तळ्याखालचा उडीद ती जायच्या आदीच निघतो." सांगत होता तोवर सगळं कळत होतं. पुढच्या बांधापर्यंत पोचलो आणि कुणाचं कोण करतो ते परत विसरलो.

तळ्याखाली मात्र माझे पाय थबकले. आजूबाजूची माती फिकट, मुरमाड. दत्ताचं वावर तेवढं काळंभोर. पन्नाशीच्या आतबाहेरची एक बाई धसकटं वेचत होती. तीच हिराबाई. पट्टा पडला (उसाचा हंगाम संपला) म्हणून ती नवऱ्यासोबत नुकतीच गावी आली होती.

"गाळ टाकलाय, भाऊ," ती मला म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात तळं आटलं तवा आमी दोघांनी वढून टाकला. उडीद लई झ्याक आला." मग दत्ताकडे वळून म्हणाली, "दत्ताभाऊ, औंदा बी वावर मलाच द्या. एका वर्सात गाळ मुरत न्हाई. मला सातबारा नको, निस्तं आजून येक साल द्या."

दत्ता पायानं ढेकूळ फोडत राहिला. उत्तर त्यानं घरी जाताना मला दिलं. "येकाच मानसाला लागोपाठ दुसऱ्या साली वावर द्यायचं न्हाई, हा आमच्या घरचा नेमच हाय. आज्यानं येकाकडंच ठिवलं, कूळकायदा आला अन् जमीन गेली."

"पण आता तसं होतं का?"

"कुनाला ठावं? पन भ्या वाटतं गड्या."

त्याच कायद्यानं माझ्या आजोबांना जमीन मिळाली होती. मी ज्या घरात जन्मलो ते त्याच जमिनीवर उभं आहे. दत्ताच्या घरी पाटावर बसून शिपी आमटी (इकडची डाळीची झणझणीत आमटी) ओरपताना नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी नक्की कुणाच्या बाजूचा, हेच मला उमगत नव्हतं. दत्ता वाईट माणूस नव्हता, हिराबाईही काही चुकीचं मागत नव्हती.

पाडव्याला गुढ्या उभारून, पुरणपोळी खाऊन माणसं मारुतीच्या पारावर जमली. सालभर कुणाचं वावर कोण करणार ते इथं चौघांदेखत ठरतं आणि सुपारी देऊन पक्कं होतं. दत्ताचं वावर निघालं तशी दोन-तीन माणसं पुढं सरसावली. मातीचा रंग त्यांनीही पाहिला होता. दत्तानं त्यातल्या एकाकडे हात केला.

पाराखाली उभी असलेली हिराबाई पुढे आली. "द्या की, कुनाला बी द्या. पन आदी माजा गाळ मला उचलून द्या."

दत्ताचे कान लाल झाले. सुपारी त्याच्या हातातच राहिली. तेवढ्यात कडेला बसलेले एक म्हातारबुवा खाकरले. "पाव्हन्याला दे की वावर. पाव्हना हिला दील. तुजा नेम बी मोडत न्हाई."

माणसं हसली. मग हळूहळू हसायची थांबली, कारण दत्ता माझ्याकडे बघत होता. "घेतो का रं?"

"मला शेतीतलं ओ की ठो कळत नाही!"

"म्हनून तर," म्हातारबुवा म्हणाले.

सुपारी माझ्या हातात पडली. मी ती घाईघाईनं हिराबाईला देत म्हणालो, "घ्या ताई."

तिनं हात मागे घेतला. "आसं न्हाई, भाऊ. 'ह्या साली वावर तुमी करा' आसं म्हना. समद्यांदेखत."

मी म्हणालो. तिनं सुपारी पदराच्या गाठीला बांधली आणि थेट तळ्याच्या वाटेला लागली. कायद्यात हे बसतं का, मी दत्ताचा वाटेकरी की हिराबाईचा मालक, असं मी दोघातिघांना विचारलं. प्रत्येकानं वेगळंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून स्टँडकडे नेताना दत्तानं विचारलं, "तू पुन्ना येऊन वावरावर हक्क सांगनार न्हाईस ना?" मी मोठ्यानं हसलो. तो हसला नाही. एसटी येईपर्यंत त्यानं ते आणखी एकदा विचारलं.

गाडी सुटायच्या बेतात असताना हिराबाई गावाकडच्या जीपमधून उतरून धापा टाकत आली आणि खिडकीतून उडदाची पिशवी आत दिली. "फुडल्या पाडव्याला या, भाऊ."

"येईन की. सुपारी घ्यायला यायलाच हवं."

"तुमी आता चालत न्हाई. दुसऱ्या साली तोच मानूस न्हाई चालत." ती गाडीबरोबर चार पावलं चालत म्हणाली, "वैनींना घिऊन या."

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय समजलं?" आजोबांच्या जमिनीवरच्या ओटीवर बसून मी जमेल तसं सगळं सांगितलं. कुणाचं वावर, कुणाचा गाळ, कुणाची भीती, सांगता सांगता पुन्हा माझा गोंधळ उडाला. ती सुपात उडीद घेऊन खडे वेचत बसली. मान वर न करता म्हणाली, "पुढचा पाडवा कधी आहे, तेवढं बघून ठेवा."